तालीम बदलली म्हणून

मांजरसुंब्याच्या चौकात पाटोद्याचा रस्ता धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. इथून जाताना पैलवान राहुल आवारे आठवतोच. पाटोद्याचं हे पोर पुण्यात हरिश्चंद्र बिराजदार मामांकडे घडलं. 2011 मध्ये मामा गेले, मग राहुल काका पवारांच्या तालमीत आला. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं 57 किलो गटात सुवर्ण जिंकलं.

आमच्याकडे मात्र पोरानं तालीम बदलली की दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात. मला हे अजिबात पटत नाही. मल्लाला रोज आपल्यापेक्षा वरचढ जोडीदार लागतो, आणि तो आपल्याच तालमीत मिळेल असं नाही.

एकत्र सरावानं दुरावा नाही, माया वाढते. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके, दोघेही काका पवारांचेच पठ्ठे. जिंकल्यावर हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेतलं. केवढं मोठं मन! रोज एकाच मातीत जोर केल्याशिवाय असली माया येत नाही.

वस्तादांनो, जाणाऱ्या पोराला अडवू नका. जत्रेचे फड सुरू होण्याआधी शेजारच्या तालमीतल्या पोरांनाही आपल्या हौद्यात उतरू द्या.