चार जाड तारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात वाजले असतील. दारावरची घंटा वाजली म्हणून उठलो, तर दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आणि त्यांच्यामागे आमच्या सोसायटीचे चिटणीस. दोघांचेही चेहरे गंभीर.

"सर, तुमच्याकडे पाणी नीट येतंय ना?" चिटणीसांनी विचारले. "पंपात काहीतरी बिघाड आहे. चार दिवस झाले, रोज याच वेळेला घुं घुं करतो. माणूस बोलावून दाखवला. तो म्हणतो, पंप ठणठणीत आहे."

मी काही बोलणार, एवढ्यात आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, पंप नाही तो. हे आहेत!"

माझ्या संगीतसाधनेचा पहिला जाहीर उल्लेख हा असा झाला. त्या दोघांना मी आत नेले आणि कोपऱ्यात टेकवून ठेवलेली बेस गिटार दाखवली. ती लांबलचक मान आणि त्या चार जाड तारा पाहून चिटणीस थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हं. म्हणजे पंपाच्या माणसाचे तीनशे रुपये उगाच गेले." दोष त्यांचा नव्हता. खालच्या सप्तकातला आवाज भिंतींना जुमानतच नाही. बासरीचा स्वर बंद दाराशी अडतो. खर्ज मात्र भिंतीतून, जमिनीतून, पलंगाच्या पायातून खुशाल वाट काढतो. दोन गल्ल्यांपलीकडच्या मांडवातले गाणे आपल्याला ऐकू येत नाही, नुसते धम् धम् तेवढे पोचते, त्याचे कारण हेच.

आता शेहेचाळिसाव्या वर्षी मराठीच्या प्राध्यापकाने बेस गिटार का घ्यावी, असा प्रश्न कोणी विचारील, तर मी ती घेतलीच नाही. ती माझ्याकडे आली. ठाण्याच्या आमच्या महाविद्यालयातला एक जुना विद्यार्थी परदेशी जाताना "सर, परत आलो की नेईन" असे म्हणून ती ठेवून गेला. परत आलेला विद्यार्थी आणि परत आलेले पुस्तक यांविषयी माझा अनुभव सारखाच असल्यामुळे मी ती कपाटावर टाकली. दोन वर्षे ती तिथेच होती. गणपतीच्या आधी झाडझूड करताना खाली काढली आणि धूळ पुसता पुसता सर्वांत जाड तारेवर अंगठा पडला. स्वर कानाला कळायच्या आधी छातीला कळला. फडके हातात तसेच राहिले आणि मी पुन्हा एकदा अंगठा मारला. एवढीच माझ्या अधःपाताची हकीकत.

या वाद्याची कुळकथा फार जुनी नाही. त्याच्याआधी खालचे स्वर धरायला माणसाहूनही उंच असा डबल बेस असे. तो उभ्यानेच वाजवायचा, आणि गावोगाव न्यायचा म्हणजे संसार हलवण्याइतका व्याप. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर याने गळ्यात अडकवता येईल अशी बेस गिटार बाजारात आणली. डबल बेसला पडदे नसतात. हिला त्याने पडदे बसवले, म्हणून स्वर नेमका लागू लागला. या नेमकेपणावरूनच त्याने तिला 'प्रिसिजन' हे नाव दिले. चार तारा, प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमात लावलेली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा हेलकावते. पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाच्याही बरेच खाली! माणसाच्या कानाची तळमर्यादा २० कंपनांच्या आसपास आहे, म्हणजे तळघर जवळच आले म्हणायचे.

आपल्याकडे हे वाद्य सिनेमाच्या वाद्यवृंदातून घरोघर पोचले. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार आहे. ती गाणी आपण हजार वेळा ऐकली. पण त्यांतला बेस गुणगुणून दाखवा म्हटले, तर शंभरांतल्या नव्याण्णवांना जमणार नाही. मलाही जमले नसते. बेस हे हौसेने मागून घ्यायचे वाद्यच नव्हे. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीनेदेखील १९६१ मध्ये तो घेतला, तो आधीचा बेसवाला सोडून गेला आणि दुसरे कोणी पुढे होईना म्हणून. नाटक मंडळीत दवंडीवाल्याचे काम ज्या रीतीने वाट्याला येते, त्याच रीतीने!

मला शिकवायला मिळाला तो त्या परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचा मित्र. वय बावीस. कल्याण पूर्वेला एका गाळ्यात त्यांची पाच-सहा जणांची मंडळी दर रविवारी जुनी गाणी बसवतात. मी डोंबिवलीहून गाडी पकडून, पाठीवर ते लांबट ओझे घेऊन जाई. सकाळच्या गर्दीत एकाने विचारले, "काका, हे काय, हॉकी?" मी "हो" म्हटले. खरे सांगायला जागा नव्हती आणि श्वासही नव्हता.

पहिले दोन महिने बोटांची साले निघाली. डाव्या हाताची करंगळी छत्तीस वर्षे खडू, पेन आणि चहाचा कप यांतल्या कशालाच उपयोगी पडली नव्हती. तिला एकदम कामाला लावल्यावर तिने असहकार पुकारला. पण बोटांपेक्षा मोठी अडचण स्वभावाची होती. वीस वर्षे वर्गात बोलण्याची सवय. शांतता पडली की ती भरून काढायची, एवढे एकच शास्त्र मला येत होते. तसाच मी वाजवी. गायकाने श्वास घेतला, की मधल्या जागेत माझे चार स्वर घुसलेच.

आमचे बावीस वर्षांचे गुरुजी एकदा वाजवणे थांबवून अगदी संकोचाने म्हणाले, "सर, कमी वाजवा ना."

"चुकतंय का?"

"चुकत नाही. जास्त होतंय. तुम्ही फक्त पहिली मात्रा द्या. बाकीचं आम्ही बघतो."

मग त्याने एक गंमत दाखवली. पेटीवर त्याने सा, ग, प हे तीन स्वर एकत्र धरले आणि मला खाली षड्ज वाजवायला सांगितला. खोलीत सकाळ झाल्यासारखे वाटले. "आता बोट माझं तसंच आहे. तुम्ही षड्ज सोडा आणि त्याच्या खालचा धैवत द्या." मी दिला. वरचे तीनही स्वर जागच्या जागी होते, पण सकाळची संध्याकाळ झाली! प्रसन्न होते ते सारे क्षणात उदास झाले.

येताना गाडीत मला एकदम उमगले, की हे तर मी दर वर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहितो. राम, वाघ, मारणे. कोणी कोणाला मारले? शब्द तीनही तेच. पण 'ने' रामाला लागला की वाघ मेला, आणि वाघाला लागला की राम गेला. विभक्तीचा प्रत्यय स्वतः काहीच सांगत नाही. त्याला कोणी शब्दकोशात शोधत नाही, त्याच्यावर कविता करत नाही. पण कर्ता कोण ते तो ठरवतो. वीस वर्षे प्रत्यय शिकवून, प्रत्यय होण्याची वेळ आल्यावर मात्र मला नाम व्हायचे होते; तेही विशेषनाम.

पुढे एका रविवारी मी ओळ विसरलो आणि घाबरून थांबलो. मला वाटले, कोणाला कळणार नाही. पण गाणारी मुलगी गाता गाता गर्रकन मागे वळली. ड्रमवाल्याचे हात अडखळले. पायाखालची फळी काढावी तसे सगळे गाणे क्षणभर लोंबकळले. वाजवत होतो तोवर माझ्याकडे कोणी पाहिले नव्हते. थांबलो तेव्हा सर्वांनी पाहिले.

हे सारे मी घरी रंगवून सांगत असे. पण घरातल्या एका श्रोत्यापर्यंत ते पोचत नसे. ते म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. वय त्र्याऐंशी. आई गेल्यावर कल्याणचे जुने बिऱ्हाड मोडून ते आमच्याकडे डोंबिवलीला आले. अण्णा काही गवई नव्हेत. मुंबईच्या एका कचेरीत त्यांनी चौतीस वर्षे कारकुनी केली. पण १९२६ सालापासून चालत आलेल्या कल्याण गायन समाजाच्या बैठकी त्यांनी सहसा चुकवल्या नाहीत. तंबोरा लावण्यात त्यांचा हात बसलेला होता. कधी एखाद्या गायकाबरोबर शिष्य आलेला नसला, की तंबोऱ्याला अण्णा. फोटोंतून ते नेहमी अर्धेच दिसतात. उरलेले अर्धे गायकाच्या खांद्यामागे.

लहानपणी मी त्यांच्याबरोबर मुंबईला जाई. त्या काळी जलद लोकल मुंब्र्याच्या अलीकडे-पलीकडे पारसिकच्या बोगद्यातून जात. तेरा-चौदाशे मीटरांचा तो १९१६ सालचा बोगदा. गाडी आत शिरली की डब्यातली बोलणी बंद पडत आणि एक घनगंभीर घुमारा सुरू होई. अण्णा डोळे मिटून त्यात हलकेच आपला 'सा' मिसळून देत. बाहेर उजेडात आलो, की पुन्हा घड्याळाकडे पाहणारे कारकून! आता लोकल त्या बोगद्यातून जात नाहीत, आणि अण्णाही मुंबईला जात नाहीत.

पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांना कमी ऐकू येऊ लागले. म्हातारपणी कानातून आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त ही व्यंजने त्या पट्टीतली. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते ते कळत नाही. व्यंजने गेलेली असतात, स्वर तेवढे उरलेले असतात. यंत्र घेतले. त्याने बोलणे थोडे सुधारले. पण यंत्र बोलण्यासाठी बनवलेले, गाण्यासाठी नव्हे. शेवटच्या बैठकीला मी त्यांना नेले, तेव्हा मध्यंतरातच ते उठले. रिक्षात म्हणाले, "तंबोरा पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो रे. उगीच त्या मंडळींचा अपमान." त्यानंतर गाणे हा विषय आमच्या घरात संपला. संध्याकाळी ते दिवाणावर भिंतीला टेकून बसत. आम्ही हाका मारून चहा देत असू. त्यापलीकडे बोलण्याचा आम्हालाच कंटाळा आला होता, हे कबूल केले पाहिजे.

त्या संध्याकाळी खोलीत पोरांचा अभ्यास चालला होता, म्हणून स्पीकरची पेटी मी बाहेर आणून दिवाणाच्या पायाशी ठेवली आणि वाजवू लागलो. अण्णांना काय, ऐकू येत नाही! अशा विचाराने. पाचएक मिनिटे झाली असतील.

"खर्ज उतरलाय," अण्णा म्हणाले.

मला वाटले, ते झोपेत बोलले. मी तसाच वाजवत राहिलो.

"अरे, खर्ज उतरलाय तुझा. लाव आधी."

तंबोऱ्याच्या सवयीने सर्वांत जाड तारेला ते खर्ज म्हणत होते. मी स्वर मोजायचे यंत्र लावून पाहिले. तार खरोखरच उतरली होती, केसभर! माझ्या धडधाकट कानांना ती कळली नव्हती. खुंटी पिळत गेलो. अण्णा दिवाणावर तळहात टेकवून बसले होते. "अजून... अजून... हां. बस."

मी लावलेल्या तारेवर पुन्हा बोट मारले. त्यांनी मान हलवली. ती मान मी गायन समाजातल्या समेवर पाहिलेली होती.

"ऐकू येतं तुम्हाला?" मी ओरडून विचारले.

"ओरडू नको. तू बोलतोस ते नाही येत. हे येतं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी अर्धा तास आमची बैठक होते. अण्णांची पट्टी पूर्वी काळी दोन होती, आता ती उतरून पांढरी दोनवर आली आहे. माझी तिसरी तार नेमकी त्या षड्जात लागते आणि दुसरी तिच्याखालच्या पंचमात. म्हणजे मला पडद्यावर बोटही ठेवावे लागत नाही. मी दोन मोकळ्या तारा आळीपाळीने छेडतो. अण्णा कापऱ्या आवाजात त्यावर भूप किंवा यमन मांडतात. स्वतःचा वरचा षड्ज त्यांना ऐकू येतो की नाही, कोण जाणे. पण खालचा येतो, आणि त्याच्या भरवशावर ते वर जाऊन येतात. कमी वाजवण्याची विद्या मला कल्याणच्या गाळ्यात अर्धी आली होती; उरलेली या दिवाणापाशी आली. मध्ये एक जास्तीचा स्वर घातला, तर अण्णा नुसते माझ्या बोटांकडे पाहतात.

दसऱ्यानंतर ते चार दिवस माझ्या बहिणीकडे ठाण्याला गेले होते. पाचव्या दिवशी जिन्यात खालचे गृहस्थ भेटले. जरा घुटमळले, मग म्हणाले, "सर, चार दिवस पंप बंद आहे तुमचा. अण्णा बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटले. "संध्याकाळच्या गाडीने येतायत."

"मग सुरू करा," ते म्हणाले. "आमच्या आईला झोप येत नाही."