झोपेला जागा हवी

मालेगावात कुणी “झोप येत नाही” म्हटले की सल्ले लगेच हजर होतात. कुणी नजर लागली म्हणतो, कुणी म्हणतो फार विचार करू नकोस, तर कुणी मेडिकलमधून गोळी आणायला सांगतो. आम्ही इथल्या उर्दू शाळेतले शिक्षक. पहिल्या तासाला बाकावर मान टाकणारी मुले आम्हाला रोज दिसतात. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या घरी जाऊन बसले की कारण समोरच दिसते.

यंत्रमागाची पाळी १२ तासांची. अब्बा रात्रपाळी करून सकाळी घरी येतात. घर एका खोलीचे. ते आडवे होतात तेव्हा नळाला पाणी आलेले असते, भांडी वाजत असतात, पोरे दप्तर शोधत असतात, आणि भिंतीपलीकडे माग खडखडत असतात. शुक्रवारी कारखाना बंद. त्या रात्री ते सगळ्यांबरोबर निजायला जातात, पण डोळा लागत नाही. घरचे म्हणतात, दिवसा झोपलात म्हणून. खरे तर शरीरात एक घड्याळ असते, ते उजेड-अंधारावर चालते. त्याच्या आतल्या यंत्रणेचा शोध लावणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. ते घड्याळ एका सुट्टीत फिरत नाही.

त्यात चहाची भर. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही शरीरात असू शकतो. रात्री दहाचा प्याला पहाटे तीनपर्यंत जागा ठेवतो तो असा. तंबाखूही मेंदूला जागवते. मुलांच्या हातात मोबाइल आहे, त्याचा उजेड डोळ्यांवर पडत राहतो. आणि सूत महाग झाले, माग थांबले, उधारी वाढली, तर गोळी घेऊन ती चिंता मिटत नाही.

अम्मीची झोप तर कुणाच्या हिशेबातच नाही. ती सर्वांच्या शेवटी निजते, सर्वांच्या आधी उठते.

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, त्यापुढच्या मुलांना ८ ते १०. एवढी आमच्या मोहल्ल्यात किती जणांना मिळते?

काही गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. रात्रपाळीच्या माणसासाठी खिडकीला जाड पडदा, मगरिबनंतर चहा बंद, मोबाइल निजायच्या जागेपासून दूर. कैलूला आपल्याकडे आहेच. दुपारची ती डुलकी अर्ध्या तासाची असावी, संध्याकाळपर्यंत लांबू नये. कुणी मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा झोप महिनोन्महिने उडाली असेल, तर डॉक्टरला दाखवावे. गोळी मनाने घेऊ नये.

शिक्षक बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्याआधी त्याला जवळ बोलवून विचारावे, “बेटा, रात्री कुठे निजलास, किती वाजता?” मग त्याच्या घरी जावे, आणि अम्मीलाही हाच प्रश्न विचारावा.