सोन्याखालचं लाकूड

गाझियाबादच्या आमच्या कारखान्यात सहारनपूरचे कारागीर शिसम कोरतात. लाकूड कठीण, नक्षी बारीक आणि उथळ. गोव्याच्या चर्चमधल्या जुन्या वेद्यांचे फोटो दाखवले की ते आधी खोली बघतात. वेलीची पानं खालून पोखरून फळीपासून जवळजवळ सुटी केलेली असतात. मेणबत्तीच्या उजेडात वर्ख उठून दिसायचा तर शेजारी अंधार हवा, आणि तो पटाशीनेच घडवावा लागतो.

या वेद्यांत मला सगळ्यांत ओढ आहे ती गोव्यातल्या राशोलची. तिथल्या जेझुइट महाविद्यालयाचा पाया 1606 साली घातला गेला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली राशोललाच छापलं गेलं, म्हणून मराठी वाचकाला हे गाव परकं नाही. 1759 मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली, तरी धर्मगुरूंचं शिक्षण तिथे आजही चालतं.

हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत, असे हुकूम सोळाव्या शतकात गोव्यात निघाले. ते पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच काम कोण करत होतं ते कळतं. गोव्यातल्या कितीतरी चर्चमध्ये प्रवचनाच्या व्यासपीठाखाली नागकन्येसारख्या आकृत्या भार पेलताना दिसतात. कारागिराचं नाव कोरलेलं दिसत नाही. पण तो हात देवळांच्या खांबांवर तयार झालेला आहे, याबद्दल मला शंका नाही.

वर्खाचं काम थरांचं. लाकडावर सरस आणि खडूचा लेप, त्यावर तांबडी माती, मग सोन्याचा वर्ख आणि अकीकाने घोटणं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, तेही रेषांच्या आडवं. लांबीत जवळजवळ नाहीच. इथे गाझियाबादला लू सुटली की फळ्या तडकतात, तेव्हा हे रोज दिसतं. म्हणून जुन्या सुतारांनी मोठी वेदी तुकड्यांत घडवली. सांध्यावर लेपाला भेग पडणारच. ती इपॉक्सीने गच्च बुजवली की लाकूड दुसरीकडे फाटतं.

त्याहून वाईट डब्यातला सोनेरी रंग. फेस्ताच्या सणाआधी वेदी उजळ दिसावी म्हणून तो फासतात. त्यात सोनं नसतं, पितळेची पूड असते. ती काही वर्षांत काळवंडते, आणि काढताना खालचा अस्सल वर्ख ओरखडला जातो. चर्चच्या आणि देवळांच्याही समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ब्रश उचलण्याआधी जाणकार संवर्धकाकडून एक कोपरा साफ करून घ्या. काजळी आणि मेणाच्या थराखाली सोनं पुष्कळदा शाबूत असतं.