इन्क्रिमेंट नसलेला डाव

बऱ्याच वीकांतांनी लिहायला बसलोय. मधले तीन शनिवार हापिसानं खाल्ले, चौथा आळसानं. असो.

आजचा विषय खेळाचा आहे, पण सुरुवात केनवडपासून करावी लागेल. केनवड म्हणजे आमचं गाव. तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. मालेगावहून मेहकरकडे निघालं की रस्त्यात लागतं. (मालेगाव म्हटलं की पुण्यातले मित्र 'म्हणजे नाशिककडचं का?' असं विचारतात. नाही हो, आमचं वाशिमचं वेगळं मालेगाव आहे :-) )

२०२५ च्या जुलैचा शेवटचा आठवडा. बाबांना तपासणीसाठी न्यायचं होतं म्हणून आठवडाभर घरून काम करायची परवानगी काढून गावी गेलो होतो. सोमवार, २८ जुलै. पहिला श्रावणी सोमवार, त्यामुळे धाकट्याचा उपास. संध्याकाळी तो वावरातून आला, हातपाय धुतले, साबुदाण्याच्या उसळीची ताटली घेऊन माझ्या शेजारी टेकला आणि म्हणाला, "दादा, लॅपटॉप कर ना इकडं. दिव्याचा डाव हाये."

दिव्या म्हणजे आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. समोर कोनेरू हंपी. दोन्ही खेळाडू भारतीय, त्यामुळे कप भारतात येणार हे नक्कीच होतं. पण विदर्भातल्या माणसाला तेवढ्यानं समाधान होत नाही हो.

आता जरा आकडे. सवय आहे, काय करणार. बुद्धिबळात प्रत्येक खेळाडूला गुणांकन असतं. अर्पाद एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं ही पद्धत बसवली, म्हणून तिला एलो गुणांकन म्हणतात. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्यानं १०० डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत, अशी अपेक्षा असते. फरक ८० चा असेल तर ६१. हंपी दिव्यापेक्षा सुमारे ८० गुणांनी वर होती. ती २००२ मध्येच ग्रँडमास्टर झालेली, २०१९ आणि २०२४ ची जलद बुद्धिबळातली जगज्जेती. दिव्या १९ वर्षांची, स्पर्धेत १५ वं मानांकन, ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म हातात नाही. शनिवारी आणि रविवारी झालेले दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले होते. त्यातल्या पहिल्या डावात दिव्याला चांगली संधी होती, ती हुकली. सोमवारी जलद डाव. म्हणजे थेट हंपीच्या अंगणात.

पहिला जलद डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. शेवटी शेवटी हंपीच्या घड्याळात वेळ उरला नाही, चुका झाल्या आणि दिव्या जिंकली. विश्वचषक, ५० हजार डॉलर आणि नॉर्मबिर्म काही न लागता थेट ग्रँडमास्टर किताब, भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. धाकट्यानं उसळीची ताटली बाजूला ठेवली आणि उपास विसरून आईला चहा टाकायला सांगितला.

आमच्या सुदैवानं (आणि माझ्या मॅनेजरच्या दुर्दैवानं) लगेच दुसऱ्या दिवसापासून रियाधला दुसरी स्पर्धा सुरू झाली. ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप. हो, तोच, जिथं लोक कॉम्प्युटर गेम खेळून लाखो डॉलर कमावतात. २०२५ मध्ये त्यात पहिल्यांदाच बुद्धिबळ आलं. १६ खेळाडू, एकूण १५ लाख डॉलरची बक्षिसं. समोरासमोर बसायचं, पण पटावर नाही, प्रत्येकानं आपापल्या कॉम्प्युटरवर माऊस हलवायचा. खेळाडू ई-स्पोर्ट्सच्या संघांकडून उतरले होते. आपला निहाल सरीन उतरला तो मुंबईच्या 'सोल' या संघाकडून. (नाव लिहिताना मध्ये आठचा आकडा घालतात. ही पोरं पबजीवाली. बुद्धिबळपटू त्यांच्या जर्सीत बघून मला जरा गंमतच वाटली.) अर्जुन एरिगैसीसुद्धा होता.

बाबांना प्रश्न पडला, की मोबाईलचे खेळ म्हणजे पोरांचं वाटोळं, त्यात बुद्धिबळ कुठून आलं? तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. पुढं ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता, अशी त्यात सरळ फारकत आहे. बाबांना ते फोनवर सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाले. कोणतं बरं झालं ते काही कळलं नाही.

तर त्या आठवड्यात मी एक एक्सेल शीट उघडली. नाव दिलं 'कोण किती चांगलं खेळलं'. त्यामागचं खरं कारण सांगतो. महिन्याभरापूर्वीच हापिसात अप्रेझल झालं होतं. ते कसं होतं तुम्हाला माहितीच आहे. टीममधल्या सगळ्यांना एका घंटेच्या आकाराच्या रेषेवर बसवायचं. दोघं वर, दोघं खाली, बाकी सगळे मधल्या फुगवट्यात. मी फुगवट्यात. वर्षभर रात्री-बेरात्री प्रॉडक्शनची आग विझवली, तरी शेरा काय, 'अपेक्षेप्रमाणे'. मला बघायचं होतं की जिथं सगळं मोजलं जातं तिथं तरी तुलना सरळ होते का.

नाही होत.

रियाधचा निकाल बघा. मॅग्नस कार्लसन पहिला, अडीच लाख डॉलर. अलीरझा फिरूझा दुसरा, हिकारू नाकामुरा तिसरा, अर्जुन चौथा. निहाल उपउपांत्य फेरीत बाहेर. शीटवर अर्जुन वर, निहाल खाली. पण निहालला त्या फेरीत भेटला कोण? कार्लसन. जो पुढं कुणालाच आवरला नाही. बाद फेरीच्या स्पर्धेत तुम्ही किती पुढं गेलात हे तुमच्या खेळावर असतं तसंच जिंकणाऱ्याशी तुमची गाठ कधी पडते यावरही असतं. शेवटी पडली तर उपविजेता, आधी पडली तर 'शेवटच्या आठांत'. मी 'गाठ कधी पडली' असा एक रकाना वाढवला.

मग बातुमीकडे वळलो. दिव्याची उपांत्य फेरी दोन मोठ्या डावांतच संपली होती. टॅन झोंगयी या माजी जगज्जेतीला तिनं १०१ चालींच्या डावात हरवलं होतं. हंपीला मात्र ले टिंगजीविरुद्ध टायब्रेकच्या सगळ्या पायऱ्या उतराव्या लागल्या. मोठे डाव, जलद डाव, त्याहून जलद आणि शेवटी पाच-पाच मिनिटांचे. तेव्हा कुठं ५-३ नं सुटका झाली. त्यामुळे दिव्याला एक दिवस जास्त विश्रांती. आणखी एक रकाना.

मग दिव्याबद्दल 'जिद्दीनं जिंकली' असं लिहून मोकळं व्हावं असं वाटलं, पण तेही अर्धवटच. जिद्द आहेच. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये वैयक्तिक सुवर्ण घेणारी पोरगी आहे ती, आणि या स्पर्धेत तिनं दुसरं मानांकन असलेल्या झू जिनरला आणि आपल्याच हरिकाला घरी पाठवलं. पण आईवडील दोघंही डॉक्टर, शहर नागपूर. हे नसतं तर? पुन्हा एक रकाना. शीट आडवी वाढत चालली आणि उत्तर काही येईना.

गुरुवारी रात्री धाकटा शीटमध्ये डोकावला. रियाधच्या ओळीत मी '१० + ०' लिहिलं होतं, बातुमीच्या जलद डावांपुढं '१५ + १०'.

"हे काय हाये?"

त्याला सांगितलं, की बातुमीत १५ मिनिटं, आणि प्रत्येक चाल केली की घड्याळात १० सेकंद वाढतात. त्याला इन्क्रिमेंट म्हणतात. रियाधला १० मिनिटं, आणि वर शून्य.

"म्हंजे चाल केली तरी काईच नाई भेटत?"

"नाही."

"मंग चांगला डाव असला, अन् टाईम गेला त?"

"तर हरला."

तो जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हे आपल्या वावरावानी झालं. तुह्यं इन्क्रिमेंटवालं हाये."

हसत म्हणाला. मीही हसलो. पण झोप काही लवकर लागली नाही.

आता जे लिहितोय ते घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. २०१७ मध्ये बाबांना लकवा मारला तेव्हा मी अमरावतीला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. धाकटा नुकताच बारावी झालेला, मार्क माझ्या बारावीपेक्षा जास्त. मृग तोंडावर. सहा एकर कोण पेरणार? "दादाचं एकच वर्ष राह्यलं, मी पाह्यतो चार महिने," असं तो म्हणाला. ते चार महिने आठ वर्षं झाले तरी चालूच आहेत. आणि शाळेत असताना तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी दुसऱ्या फेरीत घरी आलो होतो, तो जिंकून आला होता. प्रमाणपत्र अजून लोखंडी कपाटात आहे, आईच्या साड्यांखाली.

नागपंचमीला एक काका आले होते. चहा घेता घेता बाबांना म्हणाले, "थोरल्यानं नाव काढलं तुमचं. धाकटा काय, हाये वावरात." धाकटा तिथंच बसून बैलाच्या दोराला गाठ मारत होता. बाबा गप्प. आई आत. मी काय केलं? मी फोन आल्यासारखं केलं आणि उठून बाहेर गेलो. आमच्या घरातलं अप्रेझल असं होतं, आणि त्यात मला कायम वरचा शेरा.

मला दर महिन्याच्या शेवटी काहीतरी मिळतं. चूक झाली तरी मिळतं. एखादा प्रोजेक्ट बुडाला तर दुसऱ्यावर टाकतात, घड्याळात सेकंद वाढत राहतात. त्याचं सोयाबीन साधारण शंभर दिवसांचं. शेंगा भरायच्या वेळी पाणी वावरात उभं राहिलं की चाली कितीही बरोबर असोत, काटा पडला. त्या हंगामात नेमकं तेच झालं. जे हाती लागलं त्याला सरकारी हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, आणि व्यापाऱ्यानं ओलावा दाखवून दिला त्याहून बराच कमी. आमच्या दोघांचे निकाल एकाच रेषेवर बसवणारा तो काका आणि माझ्या हापिसातला तो एचआर, दोघं सारखेच म्हणायचे. आणि मीही, कारण ती तुलना मला सोयीची होती.

शुक्रवारी, १ ऑगस्टला, कार्लसननं फिरूझाला हरवलेलं बघितलं आणि मग आम्ही दोघं आपापल्या फोनवर खेळायला बसलो. आधी १० + ०. माझ्याकडे एक हत्ती जास्त होता, देवाशप्पथ. मी विचार करत बसलो आणि वेळ संपला. पुन्हा खेळलो, पुन्हा तेच. मग १५ + १० लावलं, तो मी जिंकला.

"पाय," धाकटा म्हणाला, "दहा सेकंद भेटले का तू जिंकते." :-)

दिवाळीला गेलो तेव्हा काका पुन्हा आले. पुन्हा तोच विषय. या वेळी फोन काढला नाही. म्हटलं, काका, २०१७ ला हा थांबला म्हणून मी शिकलो. बारावीला मार्क याचे जास्त होते आणि तालुक्याला पहिला आला होता हाच. काकांनी "हो का" म्हणून पोह्यांत लक्ष घातलं. बाबांना अजूनही नीट बोलता येत नाही. त्यांनी फक्त धाकट्याकडे पाहून दोनदा मान हलवली. तो उठून गोठ्यात गेला.

रात्री त्याला विचारलं, की पेरणीपासून काढणीपर्यंत दर महिन्याला ठरावीक रक्कम तुझ्या खात्यावर टाकतो, चालेल का? इन्क्रिमेंट समज. आधी सरळ नाही म्हणाला. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाला, "उसने नाई पाह्यजे. वाटा म्हून टाक. पिकलं त वाटा घे, बुडलं त तुह्यंही बुडलं. अन् हिशेब त्या तुह्या एक्सेलमंदी ठेव."

तीच फाईल उघडली. खेळाडूंचे रकाने तसेच ठेवलेत. खाली नवीन ओळ सुरू केली आहे.