सेंट लुईसला पायउतार

सेंट लुईसला जाऊन आलेला मनुष्य तिथल्या कमानीचे वर्णन केल्यावाचून राहत नाही. मिसिसिपीच्या काठी १९६५ साली पुरी झालेली ती पोलादी कमान ६३० फूट उंच आणि तेवढीच रुंद आहे, तिच्या पोटातल्या इवल्याशा डब्यात बसून माथ्यावर जाता येते, वगैरे मीही वहीत टिपून आणले होते. पण त्या शहराची खरी आठवण माझ्यापाशी उरली आहे ती एका भाड्याच्या मोटारीची.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मीरा तिथल्या एका उपनगरात राहत होती. तिला नववा महिना लागलेला, म्हणून आम्ही उभयता गेलो. पोचून आठवडा झाला नाही तोच जावईबापूंच्या मोटारीला सिग्नलपाशी मागून कोणीतरी धडक दिली. माणसांना खरचटलेही नाही. मोटार मात्र दुरुस्तीला गेली. "दहा दिवस लागतील," असे उत्तर आले. दहा दिवस! आणि दवाखाना पंधरा मैलांवर.

आपल्याकडे मोटार बंद पडली म्हणजे रिक्षा आहे, बस आहे, नाहीतर शेजारचे जोशी आहेत. तिथे मी एकदा मोठ्या ऐटीत पायी दूध आणायला निघालो, तर अर्ध्या वाटेत पदपथच संपला! टॅक्सी बोलावता येते म्हणा. पण अपरात्री कळा सुरू झाल्या तर ती येईपर्यंत कोणाचा जीव थाऱ्यावर राहणार?

जावईबापूंनी शांतपणे एक फोन केला. तासाभरात टाय लावलेला, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला एक पोरगा दारात हजर. तो त्यांना आपल्या कचेरीत घेऊन गेला आणि ते पांढरीशुभ्र मोटार चालवीत परत आले. भाडे धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीने भरायचे.

"अहो, माहेरवाशिणीला न्यायला यावे तसा आला की हो हा!" आमच्या सौ. म्हणाल्या.

ही एंटरप्राइज कंपनी याच गावची. जॅक टेलर नावाच्या गृहस्थाने १९५७ साली एका कॅडिलॅक विक्रेत्याच्या तळघरात अवघ्या सात मोटारींवर धंदा मांडला. महायुद्धात तो नौदलाचा वैमानिक होता. तेव्हाच्या एका विमानवाहू जहाजाचे नाव त्याने पुढे कंपनीला दिले. हर्ट्झ, एव्हिस या बड्या मंडळींचे लक्ष विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाकडे होते. टेलरने दुसरेच गिऱ्हाईक हेरले: ज्याची स्वतःची मोटार गॅरेजात पडली आहे, असा आमच्यासारखा घरबसल्या अडकलेला माणूस. म्हणून शाखा काढल्या त्या वस्तीवस्तीत, आणि मैत्री केली ती गॅरेजवाल्यांशी अन् विमा कंपन्यांशी. जाहिरात वाचून नव्हे, गॅरेजवाल्याने नाव सांगितले म्हणून गिऱ्हाईक येई. गिऱ्हाइकाला घरून आणण्याची चालही वरून आलेल्या हुकुमातून निघाली नाही. १९७४ साली ऑर्लंडोच्या एका शाखाधिकाऱ्याने ती आपल्या बुद्धीने पाडली.

याहून गमतीची गोष्ट पुढेच. धंदा वाढला तशी वागणूक ढिली पडली, तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा १९९४ पासून कंपनीने गिऱ्हाइकांना विचारून प्रत्येक शाखेला गुण द्यायला सुरुवात केली. 'बरे वाटले' हे उत्तर हिशेबात धरीतच नसत. 'पूर्ण समाधान' म्हणणाराच मोजायचा. पुढे दंडक झाला की ज्या शाखेचे गुण सरासरीखाली, तिथल्या अधिकाऱ्याला बढती नाही. मी जन्मभर बँकेच्या खिडकीमागे बसलो. तो नियम आमच्याकडे असता तर किती जणांना बढती मिळाली असती, हा हिशेब न केलेलाच बरा!

"म्हणजे त्या पोराचे हसणे गुणांसाठीच का?" सौ. जरा हिरमुसल्या. मला उत्तर सुचले नाही.

आठव्या रात्री अडीच वाजता मीराला कळा सुरू झाल्या. पांढरी मोटार दारात उभी होतीच. पहाटे नात झाली.

मोटार परत केल्यावर दोन दिवसांनी फोन आला. जावईबापू बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालीत होते. कितपत समाधान झाले, असा प्रश्न होता. ते बोलणार तोच डिंकाचे लाडू वळता वळता सौ. आतून ओरडल्या, "पूर्ण म्हणा हो! त्या पोराचे गुण नका कापू!"