गाळ आधी, वाळू नंतर

हल्ली कॉलेजच्या सहलींची जी पत्रकं येतात, त्यांत एक नवा प्रकार दिसतो. सकाळी श्रमदान, दुपारी जेवण व विश्रांती, संध्याकाळी उंटावरून सूर्यास्त, रात्री शेकोटी आणि लोकनृत्य. खाली बारीक अक्षरांत: सहभागाचं प्रमाणपत्र दिलं जाईल. असं पत्रक आलं की आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, सेवेत मौजमजा मिसळली की सेवेचं सोंग होतं. दुसऱ्याचं म्हणणं, नुसती सहल काढली तर पालक कुरकुरतात, श्रमदान जोडलं की सही लगेच मिळते. मला दोन्ही पटत नाही. काशीयात्रेला जाणारी आपली माणसं पुण्यही जोडत आणि येताना बनारसी शालूही आणत. वारीत अभंग असतात, तशा फुगड्याही असतात. सेवेच्या जोडीला गंमत आली म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते क्रमात आणि हिशेबात.

मी सोलापुरात शिकवतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे मुलांच्या तोंडी एनएसएसचं, काम बघतो. गांधी जन्मशताब्दीच्या निमित्तानं 24 सप्टेंबर 1969 रोजी 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं एक शिबिर, हा तिचा सांगाडा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्याआधी, 1967 पासूनच, बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवायला सुरुवात केली होती. तिथे पोरं मे महिन्याच्या विदर्भी उन्हात घाम गाळायची. प्रेक्षणीय स्थळ वगैरे भानगड नव्हती.

आमच्या पोरांना मात्र वाळवंट बघायचं होतं. सोलापूरच्या पोरांना ऊन, धूळ आणि कोरडे ओढे बघायला हजार मैल कशाला जायचं, असं एक सहकारी म्हणालेही. पण रीलमध्ये दिसते ती पिवळीधमक वाळू आमच्याकडे नाही, हेही खरं. तेव्हा पुण्याहून जोधपूर, तिथून जैसलमेर, आणि शहरापासून बरंच आत एका गावात नाडीचा गाळ काढायचा, असं ठरलं. गाडीत बसल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "सर, हे तास डायरीत धरणार ना?"

नाडी म्हणजे गावतळं. पावसाचं पाणी ज्या उतारावरून वाहत तिच्यात येतं, त्या जमिनीला तिकडे आगोर म्हणतात. आगोरात चपला घालून जायचं नाही, गुरं बसवायची नाहीत, घाण करायची नाही. जे काही जमिनीवर पडेल ते उद्या प्यायच्या पाण्यात येणार, इतका साधा विचार. आमच्या पलटणीला कडेलाच बूट उतरवायला सांगितलं, तेव्हा मुलांना वाटलं जवळपास देऊळ असावं. जानेवारीच्या थंडीत त्या वाळूवर अनवाणी चालताना सगळ्यांची चाल आपोआप हळू झाली.

मग काम सुरू झालं. गाळ वाळून टणक झालेला, टिकावाचा घाव पडला की पापुद्रा उडायचा, खाली मऊ राखाडी माती लागायची. तासाभरात मुलांच्या तळहातांना फोड आले. काठावर गावातल्या काही बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हातारी, कोपरापर्यंत पांढरे चुडे भरलेली, उठून आमच्या एका मुलीजवळ आली, तिच्या हातातलं घमेलं काढून घेतलं, चुंबळ नीट बसवून दाखवली आणि विचारलं, "थांरी हाजरी कुण मांडसी?" तुमची हजेरी कोण मांडणार?

पुढे उलगडा झाला तो असा. त्या नाडीचं काम रोजगार हमीत मंजूर होतं आणि पुढच्या महिन्यात याच बायका ते करणार होत्या. तिथे मजुरी मोजमापावर मिळते. आम्ही जेवढा गाळ फुकट उपसणार, तेवढा त्यांच्या मापातून वजा. रोजगार हमी ही मूळची महाराष्ट्राची कल्पना, 1972च्या दुष्काळात तिनंच आमच्या जिल्ह्यातली घरं तगवली. मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, काय असतो हे आमच्या कितीतरी मुलांच्या आज्यांना ठाऊक आहे. म्हातारीचा प्रश्न त्यांना न कळण्यासारखा नव्हता. त्यात गंमत अशी की हजेरी आमचीही मांडली जातच होती. माझ्याकडच्या डायरीत तास भरत होते आणि त्या तासांवर पुढे वाढीव गुण मिळणार होते. एकाच गाळावर दोन हजेरीपट, आणि रिकाम्या पोटाचा पट मागे.

आम्ही टिकाव खाली ठेवले. मस्टरवर नसलेलं काम कुठलं, असं सरपंचांना विचारलं. त्यांनी आगोर दाखवला. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या, वेफरची पाकिटं आणि आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात तिची माजलेली झुडपं. या कामाला ना मोजमाप ना मजुरी, म्हणून ते पडून होतं. काटे काढताना मुलं टिकाव मारण्यापेक्षा जास्त रक्तबंबाळ झाली आणि फोटोही चांगले आले नाहीत.

त्या भागात गावानं एकत्र येऊन, पैसे न घेता, एखादं काम उरकायचं आणि ज्याचं काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, याला ल्हास म्हणतात. आपली इर्जिक अशीच. पण इर्जिकेला एक अट असते, जी पत्रकं छापणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही: आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. परत जाणारा माणूस फिरून येणार असेल तरच ते देणंघेणं. आम्ही तर जेवण त्यांचं जेवलो, पाणी त्यांचं प्यायलो आणि निघालो. ज्या गावात पाहुण्याला आधी पाणी विचारतात आणि ते पाणी लांबून आणलेलं असतं, तिथे पन्नास माणसांची आंघोळ ही काही लहान रक्कम नव्हे. श्रमदानाचा जमाखर्च मांडायचा तर ही बाजूही मांडायला हवी.

तरीही सहल वाया गेली असं मी म्हणणार नाही. कारण दुसऱ्या दिवशी आम्ही खडीन बघितलं.

खडीन ही पालीवाल ब्राह्मणांची करामत. खडकाळ उताराच्या पायथ्याशी सखल जमिनीला आडवा मातीचा बांध घालायचा, पावसाळ्यात वरचं सगळं पाणी तिथे अडवायचं, जमिनीला पोटभर पिऊ द्यायचं, आणि पाणी आटलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. वर एक थेंब द्यायचा नाही. वर्षाला जेमतेम सात इंच पावसाच्या मुलखात जानेवारीत हिरवागार हरभरा उभा असलेला बघून मुलं गप्प झाली. मंगळवेढ्याकडची एक मुलगी मात्र सरळ रानात उतरली. तिनं बोटांनी वरची भुसभुशीत माती बाजूला सारली, खालचं ढेकूळ उचलून मुठीत दाबलं, मूठ उघडली. ढेकूळ फुटलं नाही. "सर, आमच्या शाळूगतच की," ती म्हणाली. मंगळवेढ्याची काळी जमीन भाद्रपद-आश्विनातल्या पावसाची ओल धरून ठेवते आणि मालदांडी ज्वारी त्या ओलीवर निघते, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. शेताचा मालक पुढे आला आणि दोघांची जुंपली. पेर किती खोल, बी किती, हरभऱ्याला घाटेअळी लागते का. तिची हिंदी मराठीसारखी, त्याची मारवाडीसारखी, पण कुठं अडलं नाही. मी आजवर घेतलेल्या शिबिरांत ग्रामीण-शहरी संवाद या नावाखाली जे काही झालं, त्यात याच्या जवळ जाणारं काही आठवत नाही.

शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्याकडे पाऊस किती?"

"बावीस इंच."

तो जरा वेळ बघत राहिला. "मग तुम्ही इथं कशाला आलात?"

टोमणा नव्हता तो, त्याला खरंच कळत नव्हतं. आमच्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या गावांना टँकर लागतात, हे तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

याच मुलखाच्या पाण्याबद्दल ज्यांनी सगळ्यात जीव लावून लिहिलं, ते अनुपम मिश्र जन्मानं वर्ध्याचे, 1948चे. 1993 सालचं ‘आज भी खरे हैं तालाब’ आणि 1995चं ‘राजस्थान की रजत बूंदें’ ही त्यांची पुस्तकं सहलीआधी वाचून घेतली तर निम्मं काम होतं. पाण्याचे तीन प्रकार तिथले लोक करतात: वरून पडलेलं पालर, खोल विहिरीतलं पाताळ, आणि या दोहोंमधलं रेजाणी, म्हणजे वाळूत मुरलेली पण खालच्या खडियाच्या थरामुळे पाताळापर्यंत न पोचलेली ओल. ही ओल थेंबाथेंबानं गोळा करायला अरुंद तोंडाची बेरी खणतात. दिवसाकाठी दोन-तीन घडे निघतात, पुन्हा रात्रभर थांबायचं.

एवढं बघून मग आम्ही जैसलमेरला आलो आणि इथे क्रमाचा मुद्दा येतो. किल्ला 1156 सालचा, 2013पासून जागतिक वारसा यादीत, आणि आत अजून वस्ती असलेला. पूर्वी तिथलं पाणी खालच्या गडीसर तलावाहून डोक्यावर चढायचं, म्हणून सांडायचं बेतानं. पर्यटक आले, किल्ल्यात हॉटेलं झाली, नळ आणि संडास-बाथरूम आले, आणि सांडपाणी पायातल्या मातीत मुरायला लागलं. बुरूज ढासळले. 1996 साली वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं धोक्यातल्या वास्तूंत त्याचं नाव घातलं. वाळवंटातला किल्ला पाण्यानं खचतो, हे गाइडनं सांगितल्यावर आमच्या पोरांनी गरम शॉवरची चौकशी करणं थांबवलं. आधी किल्ला आणि मग गाव असा क्रम असता तर हेच वाक्य एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडलं असतं. गडीसर तलावावरही बोटिंगच्या रांगेत उभं न राहता मुलं पाणी कुठून येतं ते शोधत फिरली. कुलधरा गावी मात्र भुतांच्या गोष्टीनंच बाजी मारली, तिथे माझं काही चाललं नाही. ज्यांचं खडीन काल बघितलं त्याच पालीवालांचं हे ओसाड गाव, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

जैसलमेरबाहेरच्या सम गावची वाळू सुंदर आहे. ती सुंदर नाही असं म्हणणं हा ढोंगीपणा होईल. उंट, जीप, ढोल, मांगणियारांचं गाणं, तंबूंची रांग, सगळं आम्ही केलं आणि मजा केली. फक्त टेकडीच्या आडोशाला बाटल्यांचा ढीग दिसला तेव्हा दोघा-चौघांनी न सांगता पिशव्या काढल्या. आगोरातल्या बाटल्या आणि या बाटल्या एकाच जातीच्या होत्या.

जवळच्याच डेझर्ट नॅशनल पार्कात माळढोक बघायची मुलांची फार इच्छा. नाही दिसला. तिथे त्याला गोडावण म्हणतात, तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे आणि विजेच्या तारांना धडकून मरतो म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. हा पक्षी बघायला पूर्वी देशभरातून माणसं सोलापूरजवळ नान्नजला यायची. आता नान्नजला तो दिसला तर पेपरात बातमी येते. आमच्या बसमधल्या बहुतेकांनी नान्नज पाहिलेलं नव्हतं.

येत्या हिवाळ्याची पत्रकं तयार करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना म्हणूनच एवढंच सांगणं आहे. गाव ठरवण्याआधी तिथे मस्टर चालू आहे का ते विचारा, काम कुठलं ते गावालाच ठरवू द्या, पाण्याचे पैसे जेवणापेक्षा वेगळे द्या, आणि वाळूला एक संध्याकाळ ठेवून बाकीचे दिवस गावाला द्या. मुलांत शेतकऱ्यांची पोरं असतील तर त्यांना पुढे करा, प्राध्यापकांनी मागे राहावं. आणि या सगळ्याच्या आधी एक शिबिर घरच्या बारवेवर घ्या. गाळानं बुजलेल्या बारवांचा सोलापूर जिल्ह्यात तुटवडा नाही, आणि तिथे तुमची हजेरी कोण मांडणार असं कोणी विचारत नाही, कारण त्या कामाला अजून कोणी आलेलंच नाही.