न दिसणारी थरथर

मुद्रितशोधनाचं माझं सगळं काम पडद्यावर चालतं. कॉम्प्युटर नवा घेतला आणि दुपार होईतो डोळे चुरचुरायला लागले. भुवयांच्या वर ठणका, अनुस्वार निसटायला लागले. नेत्रतज्ज्ञांकडे गेले तर चष्म्याचा नंबर तोच निघाला. त्यांनी थेंब दिले, अधूनमधून लांब बघायला सांगितलं. कोरडेपणा गेला, ठणका राहिला.

खटकत होतं ते हे, की मॉनिटर जुनाच होता. केबलही तीच. जुना कॉम्प्युटर परत जोडला की त्याच पडद्यावर संध्याकाळपर्यंत निवांत वाचता यायचं. म्हणजे गोम होती चित्र पाठवणाऱ्या यंत्रात.

शोध घेता घेता डिदरिंगपाशी पोचले. लाल, हिरव्या, निळ्या रंगाच्या 8 बिटमध्ये प्रत्येकी 256 छटा होतात, 6 बिटमध्ये फक्त 64. मधली छटा दाखवायची तर डिदरिंगमध्ये शेजारच्या दोन छटा आलटूनपालटून दाखवतात, सेकंदाला 60 वेळा चित्र बदलतं त्या ओघात. डोळा त्यांची सरासरी काढतो. थरथर जाणवत नाही, पण ती असते. गडद राखाडी चौकोन पडद्यावर ठेवून भिंगातून मोबाईलने स्लो मोशन व्हिडिओ काढला. नुसत्या डोळ्यांना शांत दिसणाऱ्या त्या चौकोनात ठिपके वळवळत होते!

मी लिनक्स वापरते. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंग्जमध्ये डिदरिंग 'ऑटो'वर होतं, ते 'डिसेबल्ड' केलं. आकाशाच्या फोटोंत निळ्याचे पट्टे दिसायला लागले. फोटोवर काम करणाऱ्याला हे चालणार नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं वाचणाऱ्या मला त्याने काहीच फरक पडला नाही. ठणका मात्र हळूहळू ओसरला. सगळ्यांनाच हा त्रास होतो असं नाही, आणि आधी डोळे तपासून घ्यावेतच. पण ज्यांना होतो, त्यांच्या हाताशी हे बटण असलंच पाहिजे. ते आडबाजूच्या मेनूत दडलेलं असतं, काही यंत्रांवर तर नसतंच, याची मला मनापासून चीड येते.

आणखी एक गोष्ट. काही पॅनेल स्वतःच हा खेळ करतात. तिथे ड्रायव्हरमधलं बटण उपयोगाचं नाही. भाचीसाठी मॉनिटर घेताना मी आधी तपशीलपत्रक मागितलं. '6 बिट + एफआरसी' (म्हणजे पॅनेलचं स्वतःचं डिदरिंग) असं दिसलं की तो बाजूला. दुकानदार पॅनेलचा आकार सांगत राहिला, मी बिट विचारत राहिले.